खोक्यातली केटी

तर मंडळी, आमच्या धंद्यात ‘केटी’ नावाचा एक प्रकार असतो. मुंबई विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलेल्यांच्या पोटात हा शब्द ऐकूनच गोळा येईल, पण ही ती केटी नव्हे. ही ‘नॉलेज ट्रान्स्फर’. प्रोजेक्टवरचा जुना माणूस पेपर टाकतो आणि नोटीस पिरियडच्या शेवटच्या दोन आठवड्यांत त्याच्या डोक्यातलं सगळं नव्या माणसाच्या डोक्यात उतरवायचं असतं. जुना म्हणतो, "डॉक्युमेंटमध्ये सगळं लिहिलंय रे." आणि तो खोटं बोलत नसतो. लिहिलेलं सगळं असतंच, फक्त ते कळायला आधी तीन वर्षं त्याच्या शेजारी बसलेलं असावं लागतं :)

गेले काही वीकेंड मी एका खेळाच्या जुन्या नियमपुस्तिका वाचत बसलोय आणि राहून राहून मला हीच केटी आठवतेय. खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं तळघरात बसून जो खेळतात तो. हा खेळ १९७४ मध्ये आला तेव्हा त्याचे नियम छापलेले होते, विकत मिळत होते, आणि तरीही नुसते ते वाचून खेळ सुरू करणं भल्याभल्यांना जमत नव्हतं. मग पुढची दहा वर्षं वेगवेगळ्या माणसांनी एकच काम पुन्हा पुन्हा केलं. ज्याला शिकवायला जवळपास कुणीच नाही अशा नवख्या माणसाला स्वतःचं स्वतः शिकता येईल असं एक खोकं बनवायचं. त्या खोक्यांची ही गोष्ट.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. लहानपणी आपण सगळेच चोर-पोलीस खेळलोय. "ठो! मेलास तू!" "हॅ, मला लागलीच नाही!" आणि मग अर्धा तास भांडण. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा तसाच प्रकार, फक्त लागली की नाही हे फासा ठरवतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक ‘डन्जन मास्टर’. सगळं जग त्याच्या ताब्यात: भुयारं, राक्षस, गावातला दारूवाला, सगळं. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. मास्टर सांगतो, समोर दगडी दार आहे आणि पलीकडून कसलातरी आवाज येतोय. एखादा म्हणतो, मी दाराला कान लावतो. टाका फासा. जिंकणं-हरणं नाही, ठरलेला शेवट नाही, पुढच्या शनिवारी गोष्ट तिथूनच पुढे सुरू.

आता अशा खेळाचे नियम लिहायचे कसे? बुद्धिबळाचे नियम पानभरात बसतात, कारण काय काय करता येतं त्याची यादी कुठेतरी संपते. इथे खेळाडू काहीही म्हणू शकतो. दार तोडतो, दाराशी गप्पा मारतो, दार विकतो. आणि ही सूट काढून टाकली तर खेळात काही उरतच नाही.

सुरुवात झाली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत. तिथे टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळणाऱ्या हौशी लोकांचा एक कंपू होता. त्यातल्या डेव्हिड वेस्लीने १९६९ च्या सुमारास ‘ब्राउनश्टाइन’ नावाचा एक खेळ चालवला, ज्यात प्रत्येकाने अख्खं सैन्य न सांभाळता एकच माणूस सांभाळायचा होता. कंपूतल्याच डेव्ह आर्नेसनने ही कल्पना उचलली, तिला जादू, राक्षस आणि किल्ल्याखालची भुयारं जोडली, आणि ‘ब्लॅकमूर’ नावाचं स्वतःचं जग उभं केलं. नियम? नियम त्याच्या डोक्यात आणि एका वहीत. अडलं की तो तिथल्या तिथे नवा नियम करायचा.

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन आणि त्याचा मित्र डेव्हिड मेगरी गाडी काढून विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला गेले, गॅरी गायगॅक्सच्या घरी. गायगॅक्स हा विमा कंपनीतली नोकरी गेलेला, घरी बूट दुरुस्त करून संसार चालवणारा आणि उरलेल्या वेळात युद्धखेळांचे नियम लिहिणारा गृहस्थ. जेफ पेरनबरोबर त्याने १९७१ मध्ये ‘चेनमेल’ नावाची मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका काढली होती, आणि आर्नेसनने आपल्या खेळात तिचा थोडाफार वापर केला होता. त्या दिवशी आर्नेसनने घरच्या मंडळींना आणि मित्रांना बसवून ब्लॅकमूर खेळवला. गायगॅक्स पुरता झपाटला आणि त्याने नियम मागितले.

आर्नेसनने जे पाठवलं ती होती हाताने लिहिलेली वीसेक पानं. गायगॅक्सने त्यावरून आधी पन्नास पानांचा आणि मग दीडशे पानांचा मसुदा केला. मला या प्रसंगात सगळ्या सॉफ्टवेअर इंडस्ट्रीचा इतिहास दिसतो. एकाला गोष्ट चालवता येते पण लिहिता येत नाही, आणि दुसऱ्याला लिहिल्याशिवाय झोप येत नाही. मग वस्तू नेमकी कुणाची? हा प्रश्न पुढे कोर्टात गेला, त्यावर येतोच.

कुठलीही मोठी कंपनी असला खेळ छापेना, म्हणून गायगॅक्स आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र डॉन के यांनी १९७३ मध्ये ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही कंपनी काढली. नंतर ब्रायन ब्लूम पैसे घेऊन भागीदार झाला, आणि जानेवारी १९७४ मध्ये हजार प्रती निघाल्या. लाकडासारख्या छापाचं तपकिरी खोकं, त्यात तीन छोट्या पुस्तिका, किंमत १० डॉलर. कारखाना-बिरखाना काही नाही, घरीच बसून खोकी जुळवली. त्या हजार प्रती खपायला साधारण वर्ष लागलं.

मी या पुस्तिका वाचल्यात, आणि एक सांगतो, माझ्याकडे आजवर आलेल्या सगळ्यात वाईट हँडओव्हर डॉक्युमेंटपेक्षाही त्या अवघड आहेत. एक म्हणजे त्या गृहीतच धरतात की तुमच्याकडे ‘चेनमेल’ आहे आणि लढाई त्यातल्या नियमांनी होईल. वीस बाजूंच्या फाशाने लढायची जी पद्धत आज सगळं जग वापरतं ती तिथे ‘पर्यायी’ म्हणून दिलीय. दुसरं म्हणजे रानावनातल्या प्रवासासाठी त्या तुम्हाला चक्क दुसऱ्याच कंपनीचा, अ‍ॅव्हलॉन हिलचा, ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ हा खेळ विकत घ्यायला सांगतात, त्याचा पट नकाशा म्हणून वापरता यावा म्हणून. डिपेन्डन्सी म्हणतात ती हीच! तिसरी गोष्ट ‘लेव्हल’ या शब्दाची. पात्राची लेव्हल, भुयाराची लेव्हल, मंत्राची लेव्हल, राक्षसाची लेव्हल, चारही वेगळ्या आणि चौघींना एकच शब्द. एकाच फाईलमध्ये चार व्हेरिएबलना एकच नाव दिलं तर कोड रिव्ह्यूमध्ये आमची सालं काढतात. १९७८ च्या पुस्तकात गायगॅक्सने लिहिलंय की आपण एकदा चौघींना चार शब्द द्यायचा विचार केला होता, पण लोकांना ‘लेव्हल’ची सवय झालेली पाहून तो सोडून दिला. लेगसी कोडला हात लावू नये, हे शहाणपण तेव्हाही होतं तर.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, एक डाव खेळला जातो म्हणजे नक्की काय होतं, कोण आधी बोलतं, पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, हे धडपणे कुठे कळतच नाही. ज्यांनी लिहिलं त्यांनी ते आर्नेसनच्या टेबलावर बसून पाहिलं होतं. पाहिलेल्या माणसाला ते लिहायची गरजच वाटत नाही.

याचा एक परिणाम फार मजेदार झाला. लोकांना कळेना म्हणून लोकांनी स्वतःच नियम बनवले. अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सच्या केन सेंट आंद्रे याने या पुस्तिका चाळल्या, कल्पना आवडली, नियम डोक्यावरून गेले. त्याने सरळ आपलाच सोपा खेळ लिहिला आणि १९७५ मध्ये ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ बाहेर पडला. कॅलिफोर्नियात कॅलटेकच्या पोरांनी ‘वॉरलॉक’ नावाचे आपले नियम केले. वाईट डॉक्युमेंटेशनमुळे फोर्क होतात हे खरंच, पण ते फोर्क नसते तर रोलप्लेइंग हा एकाच कंपनीचा एक खेळ म्हणून राहिला असता. माझं मत विचाराल तर या क्षेत्राचा निम्मा जिवंतपणा त्या न कळणाऱ्या तपकिरी खोक्याने दिलाय. पण ते सुख ज्याच्याभोवती मित्रांचा कंपू आहे त्याचं. आडगावातल्या एकट्या बारा वर्षांच्या पोराला फोर्क काय कामाचा?

त्या पोराचा विचार पहिल्यांदा केला तो एका मेंदूच्या डॉक्टरने. जे. एरिक होम्स हे लॉस एंजेलिसमधल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यूरॉलॉजी शिकवायचे. त्यांना खेळाचं वेड लागलं, नियम अगम्य वाटले, आणि त्यांनी आपण होऊन कंपनीला कळवलं की नवशिक्यांसाठी पुस्तक मी करून देतो. गायगॅक्स तेव्हा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या जाडजूड पुस्तकांत गुंतला होता, त्याने हो म्हटलं. अशा रीतीने १९७७ मध्ये पहिला ‘बेसिक सेट’ आला. निळसर खोकं, वर डेव्हिड सदरलँडने काढलेला खजिन्यावर बसलेला ड्रॅगन, आत ४८ पानी पुस्तिका आणि फासे.

होम्सनी काय केलं? जवळपास सगळं जुनंच वापरलं, पण क्रम लावला आणि कापाकापी केली. पात्रं फक्त पहिल्या तीन लेव्हलपर्यंत. खेळाडू आणि मास्टर यांच्यातल्या संवादाचा नमुना दिला. शेवटी एक छोटं तयार भुयार दिलं, झेनोपस नावाच्या मांत्रिकाच्या पडक्या मनोऱ्याखालचं, म्हणजे पहिल्या दिवशी मास्टरला कोरं पान समोर घेऊन बसायला नको. शिकवण्याचा धंदा असलेल्या माणसाचा हात यात लगेच जाणवतो. बग मात्र राहिले. माझा सगळ्यात लाडका बग खंजिराचा. सगळ्या शस्त्रांची इजा सारखीच, सहा बाजूंच्या एका फाशाइतकी. पण हलकं शस्त्र म्हणून खंजिराने एका फेरीत दोन वार करता येतात, आणि दोन्ही हातांनी पेलायच्या अजस्र तलवारीने दोन फेऱ्यांत एक. हिशोब करा, खंजीर त्या तलवारीच्या चौपट घातक! दोन वेगवेगळे नियम दोन जुन्या ठिकाणांहून आले, एकेकटे दोघेही बरोबर, इंटिग्रेशन टेस्टिंग कुणीच केलं नाही.

फाशांबद्दल एक परिच्छेद लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सुरुवातीच्या संचात चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे पाच फासे असत, म्हणजे भूमितीतले पाचही प्लेटॉनिक घन! कारण साधं आहे. कंपनीला ते मिळाले शाळांना शैक्षणिक साहित्य विकणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या एका पुरवठादाराकडून. दहा बाजूंचा फासा तेव्हा नव्हता, वीस बाजूंच्या फाशावरच ० ते ९ आकडे दोनदा कोरलेले असत. प्लॅस्टिक इतकं मऊ की वर्षभरात कोपरे झिजून फासा गोटीसारखा घरंगळायला लागायचा. आकडे नुसतेच कोरलेले, रंग नाही, ते तेलखडूने घासून आपणच भरायचे. आणि १९७९ मध्ये तर फाशांचाच तुटवडा झाला. तेव्हा खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले गेले: कापा, कागदी पेल्यात टाका, न बघता एक उचला, आणि सोबतचं कूपन पाठवून नंतर फासे मागवा. फाशांच्या खेळाचं खोकं फाशांशिवाय! शिप तर करायचंच होतं ना, हार्डवेअर नसलं म्हणून काय झालं.

याच काळात खोक्यात एक तयार साहसकथाही यायला लागली. माइक कारने लिहिलेली पहिली, ‘इन सर्च ऑफ द अननोन’, मला शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने अफाट वाटते. भुयाराचा नकाशा तयार, खोल्यांची वर्णनं तयार, पण कुठल्या खोलीत कुठला राक्षस आणि कुठला खजिना ही जागा कोरी. मागे याद्या दिल्यात, त्यातून निवडून पेन्सिलीने आपण भरायचं. रिकाम्या जागा भरा! नवीन मास्टर ती भरताना नकळत आपलं पहिलं भुयार रचून मोकळा होतो. पुढे तिची जागा गायगॅक्सच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ने घेतली. ती गोष्ट म्हणून जास्त चांगली आहे, पण त्यात तो गृहपाठ नाही.

खप वाढायला भलतंच कारण घडलं. ऑगस्ट १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातला १६ वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी उठवलं की तो विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत हा खेळ खेळताना हरवला. तसं काही नव्हतं. त्या मुलाची दुःखं फार वेगळी होती आणि तो साधारण महिन्याभराने सापडला. पण देशभर खेळाचं नाव झालं आणि खोकी धडाधड खपली. एका मुलाच्या हालांवर झालेली ती जाहिरात होती. ते वाचताना मला आजही कसंतरी होतं.

पैसा आला, आणि त्याच वर्षी आर्नेसन कोर्टात गेला. भानगड अशी होती. १९७६ च्या अखेरीस तो कंपनीतून बाहेर पडला होता. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वर गायगॅक्सच्या जोडीला त्याचं नाव होतं आणि रॉयल्टीही. पण १९७७ पासून निघालेल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पुस्तकांवर लेखक म्हणून एकट्या गायगॅक्सचं नाव होतं, आणि कंपनीचं म्हणणं होतं की हा वेगळाच खेळ आहे. गायगॅक्सने कंपनीच्या ‘ड्रॅगन’ मासिकात लिहूनही टाकलं की दोन्ही खेळ वेगळे. आता गंमत बघा. होम्सच्या खोक्यातली पुस्तिका पानापानावर सांगते की पुढचं शिकायचं तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ घ्या, म्हणजे खोकं हे त्या पुस्तकांचं पहिलं पाऊल. आणि वाद मात्र असा की दोघांचं नातं नाही. १९८१ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. पण ‘बेसिक’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ असे दोन समांतर रस्ते नव्वदच्या दशकापर्यंत चालूच राहिले, आणि दुकानात उभ्या असलेल्या पोराला कुठलं घ्यावं हा प्रश्न दरवेळी पडत राहिला.

कोण बरोबर? मी दोन्ही बाजू वाचल्या. वीस पानं नसती तर दीडशे झाली नसती, आणि दीडशे झाली नसती तर वीस पानं मिनियापोलिसमधल्या एका माळ्यावर पडून राहिली असती. ज्याने कधीतरी दुसऱ्याच्या प्रोटोटाइपचं प्रॉडक्ट केलंय किंवा ज्याच्या प्रोटोटाइपचं दुसऱ्याने प्रॉडक्ट केलंय, त्याचं मत आधीच ठरलेलं असतं. माझं झुकतं माप आर्नेसनला. असो.

तडजोड झाली त्याच वर्षी, १९८१ मध्ये, टॉम मोल्ड्वेने बेसिक सेट नव्याने लिहिला. एरल ओटसच्या विचित्र, स्वप्नातल्यासारख्या चित्राचं गुलाबी खोकं. डॉक्युमेंटेशन म्हणून विचाराल तर माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वोत्तम काम हेच. ६४ पानं, आणि एकही शब्द फुकट नाही. भुयारातली एक फेरी दहा मिनिटांची. त्या फेरीत आधी काय तपासायचं, मग काय, राक्षस भेटला तर तो हल्ला करेल की बोलेल हे कुठल्या तक्त्यावरून ठरवायचं, सगळं पायरी पायरीने. अक्षरशः अल्गोरिदम. भुयार कसं रचायचं याच्याही पायऱ्या आहेत. पानांना तीन भोकं पाडलेली, म्हणजे पुढचा ‘एक्स्पर्ट’ सेट घेतला की दोन्ही सुटी करून एकाच फायलीत लावता येतात. आणि खेळाच्या नमुन्यात ब्लॅक डूगल नावाचा चोर विषारी सुई टोचून मरतो. नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगितलंय, तुझंही पात्र मरू शकतं, मेलं तर नवं बनव आणि ये परत.

पण अल्गोरिदम वाचून मजा येते ती आपल्यासारख्यांना. दहा वर्षांच्या पोराचं काय?

१९८३ चं लाल खोकं त्याच्यासाठी. लेखक फ्रँक मेंट्झर, वर लॅरी एल्मोरचा लाल ड्रॅगन आणि पाठमोरा योद्धा. ज्यांनी खेळ कधी खेळला नाही त्यांनीही हे चित्र कुठेतरी पाहिलेलं असतं. आत दोन पुस्तिका, एक खेळाडूची, एक मास्टरची. खेळाडूची पुस्तिका उघडली की नियम नाहीतच. थेट तुम्ही एक योद्धा आहात आणि गावाबाहेरच्या गुहेत शिरताय. एक साप अंगावर येतो. फासा कसा वापरायचा ते साप चावायला आल्यावर कळतं. ‘हिट पॉइंट’ म्हणजे काय ते तुमचे कमी झाल्यावर कळतं. मग अलीना नावाची एक पुजारीण भेटते, जखम भरते, शेजारी बसून जगाची माहिती देते. तुम्ही दोघं आत जाता. तिथे बार्गल नावाचा दुष्ट मांत्रिक असतो आणि तो अलीनाला मारून टाकतो. तुम्हाला काहीच करता येत नाही. नंतर तो तुमच्यावर मंत्र टाकतो, आणि मंत्रापासून वाचण्यासाठी टाकायचा ‘सेव्हिंग थ्रो’ काय असतो हे तुम्ही तेव्हा शिकता.

कुठलाही नियम गरज पडायच्या आधी सांगायचा नाही, हे मेंट्झरचं तत्त्व. आज आपण नवीन मोबाइल गेम उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे होतं ते इथे १९८३ मध्ये कागदावर आहे, शेजारी कुणी नसताना, वीज नसताना. आणि अलीना! पन्नाशीच्या आतबाहेरचे अमेरिकन लोक आजही तिचं नाव काढतात. माझ्या मते तिचं मरण हीच त्या पुस्तिकेची सगळ्यात हुशार जागा. नियम आठवतील न आठवतील, बार्गलचा सूड घ्यायचा हे पक्कं. आणि सूड घ्यायला पुन्हा खेळावं लागतं.

हे खोकं फ्रेंच, जर्मन, इटालियन, जपानी अशा भाषांत गेलं. जपानी आवृत्ती १९८५ ची. तिथे पुढच्याच वर्षी ‘कॉम्प्टिक’ नावाच्या मासिकाने एका चमूच्या खेळाचा संवाद जसाच्या तसा लेखमालेत छापायला सुरुवात केली, आणि त्यातून ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’च्या कादंबऱ्या आणि अ‍ॅनिमे आले. म्हणजे नियमांपेक्षा दुसऱ्यांचा खेळ वाचून शिकणं लोकांना जास्त आवडलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मधली वर्षं मी पळवतो. १९९१ मध्ये एक काळं खोकं आलं, त्यात फ्लॅशकार्डसारखी शिकवणीची कार्डं होती. १९९७ मध्ये कर्जात बुडालेली कंपनी ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने घेतली, १९९९ मध्ये तिला हॅस्ब्रोने गिळलं. खोकी निघत राहिली. २०१० मध्ये तर जुन्या ग्राहकांच्या आठवणीवर डोळा ठेवून एल्मोरचंच चित्र लावून पुन्हा लाल खोकं काढलं.

मी स्वतः खेळलो तो २०१४ चा ‘स्टार्टर सेट’. २० डॉलरचं खोकं, ३२ पानी नियम, ६४ पानी साहसकथा, पाच तयार पात्रं, सहा फासे. पात्र कसं बनवायचं हे खोक्यात नाहीच, आधी खेळा, मग बघू. बाणेरच्या आमच्या फ्लॅटवर आम्ही पाच जण बसलो, मास्टर मी. कथेची सुरुवात अशी की रस्त्यात दोन मेलेले घोडे पडलेत आणि झाडीत चार गॉब्लिन दबा धरून आहेत. आमच्या टेस्टिंगवाल्याने घोड्यांजवळ जायच्या आधी "मी झाडावर चढून चारही बाजूंना बघतो" असं सांगितलं. पुस्तकात झाडावर चढण्याबद्दल अवाक्षर नाही. मी म्हटलं, टाक फासा. त्या क्षणी कळलं की चाळीस वर्षं ही सगळी मंडळी कागदावर काय उतरवायचा प्रयत्न करत होती. (त्याला एक आला, तो फांदीसकट खाली आला, आणि दोन गॉब्लिन ठार हसले असं मी जाहीर केलं.)

आणि तरी खरं सांगायचं तर मला खेळवता आलं ते पुस्तिकेमुळे कमी आणि यूट्यूबमुळे जास्त. २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’सारख्या कार्यक्रमांत आवाजाच्या दुनियेतले कलाकार तासन् तास कॅमेऱ्यासमोर हा खेळ खेळतात आणि लाखो लोक बघतात. मास्टर कधी थांबतो, कधी आवाज बदलतो, कधी नियम बाजूला ठेवून नुसता "हो" म्हणतो, हे बघितलं की लागलीच कळतं. १९७२ मध्ये गायगॅक्सच्या घरी जे झालं तेच. समोर बसून पाहिलं. होम्स, मोल्ड्वे, मेंट्झर यांनी जे पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबायला जिवाचं रान केलं ते आता फुकट दिसतं. म्हणून खोकी बंद पडली का? नाही. २०२५ मध्ये पुन्हा एक निघालं आणि त्यातली कथा ‘कीप ऑन द बॉर्डरलँड्स’वरच बेतलीय. व्हिडिओ बघून हुरूप येतो, पण शनिवारी रात्री चार मित्र समोर बसल्यावर हातात नकाशा लागतोच.

गायगॅक्स मार्च २००८ मध्ये गेला, आर्नेसन एप्रिल २००९ मध्ये. आर्नेसनच्या शेवटच्या वर्षांबद्दल मला अगदी अलीकडे कळलं. १९९९ पासून २००८ पर्यंत तो फ्लोरिडातल्या फुल सेल विद्यापीठात गेम डिझाइन शिकवायचा. वर्गात सगळी व्हिडिओ गेम बनवायला आलेली पोरं. विषयाचं नाव होतं ‘रूल्स ऑफ द गेम’, आणि त्यात तो शिकवायचा की खेळाचे नियम दुसऱ्याला कळतील असे नेमके लिहून कसे काढायचे.